दोन उड्डाणांमधला मुक्काम

रात्रीच्या वेळी मनमाडच्या स्थानकावर पुष्कळ माणसे गाडीची वाट पाहत बसलेली असतात. कोणी फलाटावर चादर अंथरून पडलेला असतो, कोणी शिदोरी सोडून बसलेला असतो, तर कोणी दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहत येरझारा घालीत असतो. मनमाड हे जंक्शन आहे. मुंबईकडून येणाऱ्या लोहमार्गाला येथे फाटे फुटतात. एक मार्ग भुसावळकडे जातो, दुसरा छत्रपती संभाजीनगर व नांदेडकडे, आणि तिसरा अहिल्यानगरवरून दौंडकडे वळतो. ज्याला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जावयाचे असते, त्याला येथे उतरून आपल्या गाडीची वाट पाहावी लागते.

आकाशाच्या वाटांनाही अशीच जंक्शने आहेत. दुबई, दोहा, फ्रँकफुर्ट, ॲम्स्टरडॅम, सिंगापूर ही त्यांतील काही मोठी नावे होत. येथे दररोज हजारो प्रवासी एका विमानातून उतरतात आणि दुसऱ्या विमानात चढतात. दोन्ही विमानांच्या मध्ये कधी दोन तासांचे अंतर असते, तर कधी दहा-बारा तासांचे. भोवतालची भाषा अपरिचित, चलन वेगळे, घड्याळही वेगळे; अशा ठिकाणी इतका दीर्घ काळ काढावयाचा म्हणजे पहिल्यांदाच निघालेल्या माणसाच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. परंतु विमानतळाचे कामकाज कसे चालते हे एकदा समजले, म्हणजे ही भीती बरीचशी ओसरते.

विमाने वाटेत थांबतात तरी का? आरंभी याचे कारण इंधन हे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये प्रवासी विमानांची ये-जा वाढली. परंतु त्या काळातील विमानांना अटलांटिक महासागर एका झेपेत ओलांडणे कठीण जाई. म्हणून ती आयर्लंडमधील शॅनन येथे आणि आज कॅनडात असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावरील गँडर येथे उतरत. इंधन भरले जाईपर्यंत प्रवाशांना नुसते बसून राहावे लागे. ही संधी साधून शॅनन येथे १९४७ साली एक नव्या प्रकारचे दुकान उघडण्यात आले. प्रवासी आयर्लंडमध्ये राहण्यासाठी आलेले नाहीत, ते माल घेऊन लगेच देशाबाहेर जाणार आहेत. मग त्या मालावर आयर्लंडचा कर कशाला, असा त्यामागील विचार होता. विमानतळावरील करमुक्त दुकानांची सुरुवात येथून झाली. आज मोठ्या विमानतळावर अत्तरांची व चॉकलेटांची जी झगमगती दुकाने दिसतात, त्यांचे मूळ त्या जुन्या सक्तीच्या थांब्यात आहे.

पुढे जेट विमाने आली. ती एका दमात फार दूरवर जाऊ लागली. तरीही वाटेतील थांबे नाहीसे झाले नाहीत. याचे उत्तर साध्या गणितात सापडते. समजा, दहा शहरे आहेत आणि प्रत्येक शहरातून उरलेल्या प्रत्येक शहराला थेट विमान सोडावयाचे आहे. असे केल्यास पंचेचाळीस मार्ग लागतील. त्यांपैकी कित्येक मार्गांवर विमान भरण्याइतके प्रवासीच मिळणार नाहीत. परंतु दहांपैकी एक शहर मध्यवर्ती ठरवून उरलेली नऊ त्याला जोडली, तर केवळ नऊ मार्गांत सर्वांची सोय होते. चाकाचे आरे जसे मधल्या तुंब्याला येऊन मिळतात, तसे हे मार्ग त्या एका शहराला येऊन मिळतात. विमाने भरून जातात, भाडे आटोक्यात राहते आणि लहान शहरातील माणसालाही जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचता येते. या सोयीची किंमत मात्र प्रवाशाला मधल्या विमानतळावर वाट पाहून द्यावी लागते.

अशा विमानतळाचे उत्तम उदाहरण म्हणजे सिंगापूरचा चांगी विमानतळ. सिंगापूर हे मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, विषुववृत्ताच्या अगदी जवळ वसलेले राष्ट्र आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर आहे. भारत व चीन यांच्यामधील सागरी मार्गावर असल्यामुळे ते पूर्वीपासून मोठे बंदर होते. विमानांच्या युगातही या स्थानाचा त्याला लाभ झाला. चांगी विमानतळ १९८१ साली सुरू झाला. त्याची बरीचशी जमीन समुद्रात भर घालून तयार केलेली आहे. देशच एका शहराएवढा असल्यामुळे येथे देशांतर्गत विमानसेवा नाही. येथून उडणारे प्रत्येक प्रवासी विमान परदेशीच जाते. २०२४ या एका वर्षात ६ कोटी ७० लाखांहून अधिक प्रवाशांची येथे ये-जा झाली.

मुंबईहून न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे निघालेला एखादा प्रवासी या विमानतळावर उतरला आहे, अशी कल्पना करू. विमानातून बाहेर पडल्याबरोबर त्याच्यासमोर माणसांचे दोन प्रवाह होतात. ज्यांना सिंगापुरातच जावयाचे आहे, ते एका दिशेला वळतात. ज्यांना पुढचे विमान गाठावयाचे आहे, ते दुसऱ्या दिशेला जातात. डोक्यावर टांगलेले फलक हा भेद स्पष्ट करतात. त्यांवर अक्षरांबरोबर चित्रेही असतात. घाईघाईने गर्दीच्या मागे जाण्यापेक्षा क्षणभर थांबून हे फलक वाचणे केव्हाही हिताचे.

या दोन प्रवाहांच्या मध्ये एक सीमा आहे. जेथे अधिकारी पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, तपासून त्यावर देशात येण्याची अनुज्ञा देतात, ती ही सीमा होय. पुढे जाणारा प्रवासी ती ओलांडीत नाही. त्याचे पाय सिंगापूरच्या भूमीवर असतात, तेथील कायदेही त्याला लागू असतात. तरीपण त्या देशाच्या दृष्टीने तो देशात आलेला नसतो. या मधल्या भागाला ट्रान्झिट विभाग म्हणतात. पुढचा सर्व वेळ आपल्या प्रवाशाला या विभागात काढावयाचा आहे.

त्याच्या मोठ्या पेटीचे काय झाले असेल? मुंबईला ती सोपवताना तिला एक कागदी पट्टी बांधलेली होती. तिच्यावर उभ्या रेघांची एक खूण आणि तीन इंग्रजी अक्षरे छापलेली होती. जगातील प्रत्येक मोठ्या विमानतळाला अशी तीन अक्षरे नेमून दिलेली आहेत. मुंबईची अक्षरे बी, ओ, एम ही आहेत. ‘बॉम्बे’ या जुन्या नावाची ती आठवण. सिंगापूरची एस, आय, एन आणि ऑकलंडची ए, के, एल. पेटीवरील पट्टीवर शेवटचे ठिकाण ऑकलंड असेल, तर यंत्रे त्या रेघांची खूण वाचतात आणि सरकत्या पट्ट्यांवरून पेटी पुढच्या विमानाकडे रवाना करतात. परंतु दोन प्रवासांची तिकिटे निरनिराळी काढलेली असली, तर कधी कधी पेटी सिंगापूरपर्यंतच नोंदलेली असते. अशा वेळी ती घेण्यासाठी सीमा ओलांडावी लागते आणि सीमेसाठी व्हिसा लागतो. म्हणून पेटी कोठवर जाणार, हे निघतानाच विचारून घेतले पाहिजे.

आता वेळेचा विचार करू. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा अडीच तास पुढे असते. आपला प्रवासी मुंबईहून रात्री साडेअकराला निघाला आणि साडेपाच तास उडत राहिला, असे धरू. मुंबईत त्या वेळी पहाटेचे पाच वाजलेले असतील. सिंगापुरात मात्र सकाळचे साडेसात वाजून उजाडलेले असेल. त्याचे पुढचे विमान सायंकाळी साडेसातला आहे. म्हणजे हाताशी बरोबर बारा तास आहेत. परंतु त्याने मनगटावरचे घड्याळ बदललेच नाही, तर काय होईल? त्याच्या घड्याळात जेव्हा पाच वाजतील, तेव्हा सिंगापुरात साडेसात झालेले असतील. ‘अजून अडीच तास आहेत’ असे म्हणून तो निवांत बसून राहील आणि त्याच क्षणी त्याचे विमान धावपट्टी सोडून आकाशात चढेल. तिकिटावर छापलेली वेळ नेहमी त्या त्या गावाची स्थानिक वेळ असते. यासाठी विमानतळावर पाऊल ठेवताच तेथील घड्याळाशी आपले घड्याळ जुळवून घ्यावे. दूरध्वनी खिशात असला तरी भिंतीवरच्या घड्याळाशी तो एकदा ताडून पाहावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. विमान सुटण्याची वेळ आणि दार मिटण्याची वेळ या दोन निरनिराळ्या वेळा आहेत. दार सुटण्याच्या वेळेपूर्वी काही मिनिटे मिटते आणि एकदा मिटले की सहसा पुन्हा उघडत नाही. शिवाय दाराचा क्रमांक ऐनवेळी बदलू शकतो. कित्येक विमानतळांवर शांतता राखण्यासाठी ध्वनिक्षेपकावरून फारशा घोषणा करीत नाहीत. आपले नाव पुकारले जाईल या भरवशावर राहण्यात धोका असतो. ठिकठिकाणी लावलेल्या मोठ्या फलकांवर विमानाचा क्रमांक, दार आणि वेळ सतत दाखविली जाते. तेथे अधूनमधून जाऊन पाहणे हे प्रवाशाचे स्वतःचे काम आहे. चांगीला चार टर्मिनल, म्हणजे चार मोठ्या इमारती आहेत. त्यांपैकी पहिल्या तिन्हींना एक लहानशी आगगाडी जोडते आणि चौथीकडे बसने जावे लागते. तेव्हा आपले दार कोणत्या इमारतीत आहे, हे आधीच पाहून ठेवलेले बरे.

एवढी तजवीज झाली, म्हणजे बारा तास आपले होतात. त्यांचा उपयोग कसा करावा? रात्रभर बसून आलेल्या शरीराला प्रथम हालचाल हवी असते. फार वेळ एकाच जागी बसल्याने पायांतील रक्ताचा ओघ मंदावतो आणि पाय सुजतात. विमानातील हवाही कोरडी असते. म्हणून तोंड धुऊन, पोटभर पाणी पिऊन थोडे हिंडावे. पाण्याच्या बाबतीत एक नियम सर्वत्र आढळतो. सुरक्षिततेच्या कारणास्तव २००६ सालापासून जगभर अनेक विमानतळांवर तपासणीतून १०० मिलिलिटरपेक्षा अधिक मापाच्या बाटलीतून द्रव पदार्थ नेऊ देत नाहीत. अलीकडे काही ठिकाणी नवीन यंत्रे आल्यामुळे हा नियम सैल झाला असला, तरी रिकामी बाटली जवळ ठेवून ती तपासणीनंतर भरून घेणे, ही युक्ती सगळीकडे चालते.

चांगीमध्ये हिंडण्याजोगी ठिकाणे पुष्कळ आहेत. तिसऱ्या टर्मिनलमध्ये फुलपाखरांचे उद्यान आहे. दाट झाडी, लहानसा धबधबा आणि फुलांवरून भिरभिरणारी फुलपाखरे पाहताना बाहेर विमाने गर्जत आहेत याचा विसर पडतो. पहिल्या टर्मिनलच्या गच्चीवर निवडुंगांची बाग आहे. विनामूल्य चित्रपटगृह आहे, आरामखुर्च्या आहेत, प्रार्थनेसाठी शांत खोल्या आहेत. हे सारे केवळ शोभेसाठी आहे असे नाही. तासन्‌तास थांबलेल्या माणसाचे मन अस्वस्थ असते. हिरवी झाडे आणि दिवसाचा उजेड त्याला शांत करतात. उजेडाचा आणखी एक उपयोग आहे. झोप केव्हा यावी आणि जाग केव्हा यावी, हे ठरविणारे एक घड्याळ आपल्या शरीरातही असते. डोळ्यांवर पडणारा सूर्यप्रकाश ते हळूहळू नव्या गावाच्या वेळेशी जुळवून आणतो.

चांगीचा प्रसिद्ध जलप्रपात मात्र आपल्या प्रवाशाला सहजासहजी जवळून पाहावयास मिळणार नाही. ‘ज्युएल’ नावाच्या काचेच्या भव्य वास्तूत हा प्रपात आहे. ही वास्तू २०१९ साली खुली झाली. छताच्या मध्यभागातून पाण्याची धार चाळीस मीटर खाली कोसळते. एखाद्या इमारतीच्या आत असलेला हा जगातील सर्वांत उंच धबधबा समजला जातो. परंतु ज्युएल सीमेच्या पलीकडे आहे. तेथे जावयाचे, किंवा विमानतळातर्फे ट्रान्झिट प्रवाशांसाठी चालविली जाणारी विनामूल्य नगरफेरी करावयाची, तर आधी देशात प्रवेश मिळाला पाहिजे. भारतीय नागरिकाला त्यासाठी सर्वसाधारणपणे व्हिसा लागतो. काही पावलांच्या अंतरावरील गोष्ट कागदावाचून किती दूर जाते, हे येथे कळून येते.

कागदाचे हे महत्त्व मेहरान करीमी नासेरी यांच्या आयुष्यातून फार तीव्रतेने दिसून आले. नासेरी यांचा जन्म इराणमधला. निर्वासित म्हणून मिळालेले त्यांचे कागद त्यांच्याजवळ राहिले नाहीत. १९८८ साली ते पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर अडकून पडले. कागद नसल्यामुळे त्यांना पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना. पहिल्या टर्मिनलमधील एक लाल बाक हेच त्यांचे घर झाले. तेथे ते वाचीत, रोजनिशी लिहीत, कर्मचाऱ्यांशी बोलत. १९९९ साली त्यांना फ्रान्समध्ये राहण्याची अनुज्ञा मिळाली. पण तोवर बाहेरच्या जगाचीच त्यांना भीती वाटू लागली होती. अखेर २००६ साली आजारपणामुळे त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. वाट पाहण्यात अठरा वर्षे गेली होती. २०२२ साली त्यांचा अंत झाला, तोही त्याच विमानतळावर. बारा तासांचा मुक्काम प्रवाशाला सुसह्य वाटतो, कारण त्याच्या खिशात पारपत्र असते आणि पुढच्या विमानाचे तिकीट असते. ज्याच्याजवळ हे नाही, त्याला बागा आणि आरामखुर्च्या यांचे काय सुख? म्हणून पारपत्र सदैव अंगाजवळ ठेवावे. झोपतानाही ते दृष्टिआड होऊ देऊ नये. अनोळखी माणसाची पिशवी सांभाळावयास घेऊ नये आणि आपली कोणावर सोपवू नये.

मात्र सावध राहणे म्हणजे प्रत्येकाचा संशय घेणे नव्हे. इंधनासाठी विमाने जेथे उतरत, त्या गँडर गावाने हे एकदा जगाला दाखवून दिले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला आणि त्या देशाचे आकाश अकस्मात बंद करण्यात आले. महासागरावरून येत असलेल्या विमानांपैकी अडतीस विमाने गँडरला उतरविण्यात आली. त्यांत साडेसहा हजारांहून अधिक माणसे होती आणि त्या गावाची वस्ती जेमतेम दहा हजारांच्या आसपास होती. शाळेच्या बसचालकांचा त्या वेळी संप चालू होता. पण तो बाजूला ठेवून ते प्रवाशांना नेण्यासाठी धावले. शाळा, प्रार्थनामंदिरे आणि सभागृहे उघडण्यात आली. लोकांनी घरून पांघरुणे आणली, अन्न शिजविले, पाहुण्यांना स्नानासाठी आपल्या घरी नेले. आकाश पुन्हा मोकळे होईपर्यंत कित्येक दिवस हा पाहुणचार चालला. त्या पाहुण्यांची भाषा, धर्म किंवा देश कोणीही आधी विचारला नाही.

असे प्रसंग विरळा. नित्याचे प्रसंग पुष्कळ लहान असतात. महाराष्ट्रातील कितीतरी वृद्ध आईवडील आज परदेशात राहणाऱ्या मुलांना भेटावयास एकटेच निघतात आणि दोहा किंवा फ्रँकफुर्टसारख्या विमानतळावर त्यांना काही तास काढावे लागतात. इंग्रजी बोलण्याचा सराव नसला, की साधा प्रश्न विचारतानाही त्यांना संकोच वाटतो. विमान कंपनीला आधी कळविले, तर चाकांची खुर्ची घेऊन माणूस येतो आणि त्यांना पुढच्या दारापर्यंत पोहोचवितो. याखेरीज एक साधी चिठ्ठी त्यांच्या फार उपयोगी पडते. पूर्ण नाव, दोन्ही विमानांचे क्रमांक, पुढच्या विमानाची स्थानिक वेळ, खाण्याचे पथ्य आणि घरच्यांचे दूरध्वनी क्रमांक तिच्यात स्वच्छ इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असावेत. ही चिठ्ठी दाखविली, की बोलावे लागत नाही. ती लिहून देणे हे शाळकरी नातवंडालाही जमण्याजोगे काम आहे.

सायंकाळ होते. काचेच्या भिंतीपलीकडे धावपट्टीवरचे दिवे लागतात. आपल्या प्रवाशाच्या दाराशी फलकावर ऑकलंडचे नाव झळकते आणि इतका वेळ पांगलेली माणसे एका रांगेत उभी राहतात. कोणी शिक्षणासाठी निघालेला आहे, कोणी नोकरीवर परतत आहे, कोणी प्रथमच नातवाचे तोंड पाहणार आहे. बारा तास एकाच छताखाली काढूनही त्यांनी एकमेकांची नावे विचारलेली नसतात. तरीही झोपलेल्याच्या शेजारून ते हलक्या पावलांनी गेलेले असतात आणि थकलेल्याला त्यांनी बसावयास जागा दिलेली असते. दार उघडते, रांग पुढे सरकते आणि खुर्च्या रिकाम्या होतात. थोड्याच वेळात दुसरे प्रवासी येऊन त्यांवर बसतात आणि फलकाकडे पाहून आपली घड्याळे जुळवू लागतात.